फाइलमधला मिस्त्री

आपल्याकडे नकाशा आणि भिंत यांच्या मध्ये एक मिस्त्री उभा असतो. जिन्याची उंची कागदावर एक असते आणि स्लॅब पडल्यावर इंचभर फरक निघतो, तेव्हा तो फरक मिस्त्री सगळ्या पायऱ्यांमध्ये सूत-अर्धा सूत वाटून टाकतो. चौकटीचे लाकूड दाखवलेल्या मापापेक्षा जाड आले, तर सुतार रंधा मारून किंवा खाच वाढवून ते बसवतो. भिंत ओळंब्यात नसेल तर गिलावा एका बाजूला जाड चढतो. नकाशात राहून गेलेल्या गोष्टी साइटवर अशा रोज भरून निघतात आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर राहत नाही. पाच वर्षांचा बी.आर्क.चा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलामुलींना या कामाचा पत्ताही नसतो, कारण ते होत असताना त्यांनी पाहिलेलेच नसते.

संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणाऱ्या सीएनसी राउटरपाशी असे सांभाळून घेणारे कोणी नसते. विद्यार्थ्याने १८ मिलिमीटरचे प्लायवूड गृहीत धरून १८ मिलिमीटर रुंदीच्या खाचा काढल्या आणि दुकानातून आलेला शीट प्रत्यक्षात १७.३ भरला, तर यंत्र १८च्याच खाचा कापते आणि जोडलेले टेबल पहिल्याच दिवशी खुळखुळते. संगणकावर खाचेचा कोपरा काटकोनात दिसतो. पण ६ मिलिमीटर व्यासाचे बिट गोल फिरते, त्यामुळे आतल्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते आणि चौकोनी कुसू त्या खाचेत पूर्ण उतरत नाही. सुताराने हे क्षणात ओळखून पटाशीने कोपरा काढला असता. यंत्र फाइलमध्ये जे लिहिले आहे तेवढेच करते.

हे पुस्तक या एका गोष्टीभोवती लिहिले आहे. मिस्त्री आणि सुतार आजवर मुकाट्याने जे सांभाळून घेत होते, ते आता आधीच फाइलमध्ये उतरवावे लागते. ते कसे उतरवायचे हे शिकवणे, हे डिजिटल फॅब्रिकेशनच्या शिक्षकाचे मुख्य काम आहे असे मला वाटते. लेझर कटर, राउटर, थ्रीडी प्रिंटर, रोबॉटचा हात ही यंत्रे चालवायला शिकवणे त्या मानाने सोपे आहे. ते काही आठवड्यांत होते.

आकड्यांच्या हुकमावर यंत्र चालवण्याची कल्पना आर्किटेक्चरमध्ये जन्मलेली नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते, त्या वक्र पृष्ठभागांची मापे त्यांना बिंदूबिंदूने यंत्राला द्यायची होती. हवाई दलाच्या पैशावर हे काम एमआयटीत पुढे गेले आणि १९५२ मध्ये तिथे असे मिलिंग यंत्र जाहीरपणे चालवून दाखवण्यात आले. पुढची तीन-चार दशके हे तंत्र विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांत राहिले. १९९२च्या ऑलिंपिकसाठी फ्रँक गेरी यांनी बार्सिलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर धातूचा प्रचंड मासा उभारला, तेव्हा त्यांच्या कार्यालयाने फ्रेंच विमान उद्योगातले कातिया हे सॉफ्टवेअर वापरले. बिल्बाओचे गुगनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडले आणि जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : हे आपल्या विद्यार्थ्यांना कसे शिकवायचे?

सुरुवातीला या प्रश्नाचे उत्तर चुकीच्या टोकाकडून शोधले गेले असे माझे मत आहे. वळणदार आकार काढायचे सॉफ्टवेअर आधी आले आणि ते कापणारे यंत्र मागून आले, त्यामुळे यंत्राकडे प्रिंटर म्हणून पाहिले गेले. रचना करून झाल्यावर शेवटी छापून घ्यायची वस्तू, एवढेच त्याचे स्थान राहिले. पंधराव्या शतकात लेऑन बाटिस्टा आल्बेर्ती यांनी आर्किटेक्टचे काम विचार करणे आणि रेखाटणे इथवर आणून ठेवले, बांधणे दुसऱ्यांकडे दिले. आपले अभ्यासक्रम आजही त्या विभागणीवर उभे आहेत. यंत्र कॉलेजात आल्याने ती विभागणी आपोआप मोडत नाही. ती मोडायची तर अभ्यासक्रमात यंत्राची जागा बदलावी लागते.

झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात ही जागा बदलली. फाबिओ ग्रामात्सिओ आणि मथियास कोलर यांची तिथे २००५ मध्ये प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि त्यांनी मोटार कारखान्यात वापरतात तसा रोबॉटचा हात आर्किटेक्चर विभागात आणून सात मीटर लांबीच्या रुळावर बसवला. आर्किटेक्चरच्या शिक्षणासाठी अशी प्रयोगशाळा तोवर कुठे नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे काय ठेवले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी वळणदार छप्पर मागितले नाही, साधी वीट दिली. २००६ मध्ये चार आठवड्यांच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांनी विटांच्या भिंतींचे संगणकी प्रोग्रॅम लिहिले : पहिली वीट इथे, पुढची इतक्या अंतरावर, इतक्या अंशांनी वळवून. गवंड्याला प्रत्येक वीट वेगळ्या कोनात ठेवायची तर प्रत्येक वेळी मोजावे लागते. रोबॉटला सरळ वीट आणि वळवलेली वीट यांत काहीच फरक नसतो. म्हणून चित्रापेक्षा नियम महत्त्वाचा ठरला. विद्यार्थी भिंतीचे दर्शनी चित्र काढत नव्हते, ती रचण्याचा क्रम लिहीत होते. बांधकामाचा क्रम हाच डिझाइनचा मजकूर झाला.

त्याच वर्षी हे शिक्षण एका खऱ्या इमारतीपर्यंत पोचले. पूर्व स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावात गांटेनबाइन कुटुंबाच्या द्राक्षमळ्यात वाइन मुरवण्याची नवी इमारत होत होती, आर्किटेक्ट होते बेआर्थ आणि डेप्लाझेस. तिच्या भिंतींसाठी झ्युरिकच्या प्रयोगशाळेत रोबॉटने २०,००० विटा ७२ फलकांमध्ये रचल्या, ट्रकने गावी नेल्या आणि क्रेनने बसवल्या. विटांमधल्या फटी उघड्या ठेवल्या, त्यातून आत मंद उजेड येतो. वारा अडवण्यासाठी आतून पॉलिकार्बोनेटचे पत्रे आहेत. लांबून पाहिले तर भिंतीवर मोठाली गोल द्राक्षे रचून ठेवल्यासारखी दिसतात. त्या भिंतींची छायाचित्रे आमच्या वर्गात दाखवली की मुले द्राक्षांकडे पाहतात. मी त्यांना गोंदाकडे पाहायला लावतो.

प्रत्येक वीट वेगळ्या कोनात वळलेली, म्हणजे प्रत्येक विटेचा खालच्या विटांना टेकणारा भाग वेगळा. चुन्या-सिमेंटच्या थरात हे खपून गेले असते. इथे विटा चिकटवायच्या होत्या. मग गोंद कुठे सोडायचा? त्यांनी फलकाच्या मध्यरेषेपासून ठरावीक अंतरांवर चार समांतर ओळी धरल्या आणि वीट कशीही वळली तरी गोंद त्या ओळींवरच पडेल असे केले. ओळी भिंतीच्या, विटेच्या नव्हेत. त्यामुळे वरच्या आणि खालच्या विटांचा गोंद नेहमी एकमेकांवर येतो. भार देऊन तपासणी केली तेव्हा ही पकड इतकी चांगली निघाली, की तयार फलकांत एरवी घालावे लागणारे लोखंड घालायची गरज उरली नाही. माझ्या मते या इमारतीतले सर्वांत मोठे डिझाइन हे आहे. एखाद्या अनुभवी गवंड्याने हातातल्या थापीने विटेविटेला जो निर्णय घेतला असता, तो चार ओळींच्या नियमात बसवला गेला. हे विद्यार्थ्याला समजले की द्राक्षे पुढे केव्हाही काढता येतात.

आता आपल्या वर्गाकडे येतो.

पहिला स्वाध्याय म्हणून मी घर, खुर्ची किंवा दिवा देऊ नये असे सुचवतो. द्यावी ती एक फणी. प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या एका तुकड्यात ओळीने खाचा कापायच्या, पहिली तुकड्याच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर अरुंद, पुढची दशांश मिलिमीटरने रुंद, अशी शेवटची अर्धा मिलिमीटर सैल होईपर्यंत. मग त्याच शीटचा दुसरा तुकडा प्रत्येक खाचेत घालून पाहायचा. कुठे तो हाताने दाबल्यावर बसतो, कुठे हातोडी लागते, कुठे आपोआप घसरतो, ते पेन्सिलीने फणीवरच लिहायचे. लेझरचा किरण स्वतःच दशांश ते तीन दशांश मिलिमीटर एवढा पदार्थ जाळून टाकतो, हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही. फणी हातात घेतली की राहते. शेजारच्या वर्गमित्राची फणी दुसऱ्या यंत्रावर कापलेली असते आणि तिचे उत्तर वेगळे येते, तेव्हा वर्गात खरी चर्चा सुरू होते.

ही फणी जपून ठेवायला सांगावी आणि जूनच्या अखेरीस पुन्हा काढायला लावावी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात, प्लायवूड ओलावा धरते आणि मार्चमध्ये अलगद बसणारा सांधा जुलैमध्ये अडतो. युरोपातल्या प्रयोगशाळांच्या पुस्तिकांमध्ये दिलेली सहनमर्यादा आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, आणि हे शिकवणारा दुसरा कोणी नाही, पाऊसच आहे.

इथून पॅरामेट्रिक रचनेकडे जाणारी वाट सरळ आहे. राइनो या सॉफ्टवेअरवर चालणारे ग्रासहॉपर २००७ पासून आहे आणि आज आपल्या बहुतेक कॉलेजांत मुले ते यूट्यूबवर पाहून शिकतात. ते शिकतात ते बहुधा आकार पिळण्यासाठी, मनोऱ्याला वळण देण्यासाठी. मी त्यांना आधी एकच चल द्यायला सांगतो : शीटची जाडी. सगळ्या खाचा, सगळी कुसू त्या एका आकड्याला बांधायची. मग दुकानातून शीट आला की व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजायची, आकडा बदलायचा आणि सगळे रेखाचित्र त्या शीटला जुळवून घेईल. दुसरा चल बिटचा व्यास. तो दिला की आतल्या प्रत्येक कोपऱ्यात बिटला थोडे पुढे जाऊ देणारी गोल खोबण आपोआप काढता येते आणि चौकोनी कुसू पूर्ण बसते. एवढे दोन चल नीट वापरणारा विद्यार्थी मला वीस चल वापरून लाटा काढणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे गेलेला वाटतो. सुताराचा निर्णय त्याच्या फाइलमध्ये आलेला असतो.

रेघेबद्दलही असेच. संगणकावरच्या रेघेला जाडी नसते. पात्याला असते. म्हणून प्रत्येक रेघेबद्दल ठरवावे लागते : बिट रेघेच्या आतून जाणार, बाहेरून, की रेघेवरून. क्रमही ठरवावा लागतो. आतली भोके आधी, बाहेरचा आकार शेवटी. कारण बाहेरचा आकार कापला गेला की तुकडा सुटतो, हलतो आणि मग आतले भोक जागेवर पडत नाही. तुकडा पूर्ण सुटू नये म्हणून मधूनमधून बारीक दुवे सोडायचे असतात. शीट यंत्राच्या टेबलावर स्क्रूने आवळला असेल, तर ते स्क्रू रेखाचित्रात दिसले पाहिजेत; नाही तर बिट स्क्रूवर जाऊन तुटते. वेगाचा हिशेब तर सातवीच्या गणिताचा आहे. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेते, बिटला दोन धारा आहेत, प्रत्येक धारेने फेरीला ०.२ मिलिमीटरचा छिलका काढावा असे ठरवले, तर यंत्र मिनिटाला ७,२०० मिलिमीटर पुढे सरकले पाहिजे. घाबरून वेग फार कमी केला तर धार लाकूड कापण्याऐवजी घासते, बिट तापते आणि लाकूड करपते. हे वर्गात फळ्यावर मांडावे आणि मग यंत्राजवळ नेऊन करपल्याचा वास दाखवावा.

सुरक्षेचे प्रकरण मी मुद्दाम पहिल्या भागात ठेवले आहे. लेझरमध्ये पीव्हीसी कधीही कापू नये. त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो आणि तो माणसाचे फुप्फुस आणि यंत्राचे आरसे दोन्ही खातो. फोमबोर्ड, रेक्झिन, साइनबोर्डाचे शीट यांत काय आहे हे कळल्याशिवाय ते यंत्रात जाऊ देऊ नये. ॲक्रिलिक पेट घेते, म्हणून लेझर चालू असताना तिथून उठून चहाला जायचे नाही. एमडीएफच्या धुळीत मास्कशिवाय काम करायचे नाही. राउटरजवळ ओढणी, बांगड्या, मोकळे केस, हातमोजे चालत नाहीत. सबमिशनच्या आदल्या रात्री तिघे-चौघे एकाच यंत्रावर जागत असतात तेव्हा अपघात होतात, म्हणून यंत्राच्या वेळांचे नियोजन हा शिक्षकाच्या जबाबदारीचा भाग आहे. ती जबाबदारी प्रयोगशाळा सहायकावर ढकलू नये.

आकार आधी न ठरवता पदार्थापासून उलट दिशेने यायचे म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी मी इंग्लंडमधल्या डॉर्सेटचे उदाहरण पुन्हा पुन्हा घेतो. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या कॉलेजचे तिथे हुक पार्क नावाचे जंगल आहे, सुमारे १५० हेक्टरांचे. विद्यार्थी तिथे राहून शिकतात आणि बांधतात. २०१६ मध्ये त्यांनी लाकडाच्या चिपा साठवण्यासाठी कोठार बांधले. झाडाला जिथे दोन फांद्या फुटतात ते बेचके निसर्गतःच मजबूत असते, कारण लाकडाचे तंतू एका फांदीतून दुसरीत अखंड गेलेले असतात. लाकूड गिरणीत मात्र बेचके निरुपयोगी ठरते, सरळ फळी निघत नाही म्हणून ते सरपणात जाते. विद्यार्थ्यांनी जंगलात फिरून उभ्या बीच झाडांची बेचकी छायाचित्रांनी नोंदवली, त्यांतली निवडक २५ तोडून त्रिमितीय स्कॅन केली आणि संगणकाला काम दिले : कमानीसारख्या आधाररचनेत कोणते बेचके कुठे बसले तर फांद्यांचे नैसर्गिक वळण कमीत कमी वाया जाईल? २० बेचकी वापरली गेली. रोबॉटच्या हाताने प्रत्येकाच्या टोकांना सांधे कोरले, आणि २५ मीटर लांबीची रचना त्यावर उभी राहिली.

इथे स्कॅनर, संगणक आणि रोबॉट हे तिघे मिळून एका वाकड्या लाकडाचे ऐकत आहेत. आपल्या खेड्यांत गोठ्याला, मांडवाला दुबेळक्याची मेढ पुरून तिच्यावर आडवे लाकूड टाकायची रीत किती जुनी आहे! शेतकरी झाड पाहूनच मेढ निवडतो. त्या निवडीतले शहाणपण आणि डॉर्सेटमधल्या स्कॅनरचे काम यांच्यातले नाते विद्यार्थ्याला दिसावे, एवढ्यासाठी मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या जुन्या गोठ्यांची मापे घेण्याचा स्वाध्याय पुस्तकात दिला आहे. वाकडे लाकूड मोजायचे कसे, हा प्रश्न तिथे पोचल्यावरच पडतो.

श्टुटगार्टमध्ये आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्थांनी २०१०पासून विद्यार्थ्यांना घेऊन मंडप उभारले, त्यांतला पहिला मला सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो. ६.५ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडच्या पट्ट्या सपाट कापल्या आणि वाकवून एकमेकींत अडकवल्या. वाकलेली पट्टी सुटू पाहते, ताणलेली तिला धरून ठेवते, आणि त्या झटापटीतून मंडप उभा राहतो. पट्टी किती वाकेल हे कोणत्याही सॉफ्टवेअरने आधी सांगितले नव्हते. प्लाय वाकवून, मोजून ते आकडे संगणकात भरावे लागले. आपल्याकडे बुरूड बांबूची कामटी बोटांत वाकवून पाहतो आणि मग विणायला घेतो. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी तेच केले आणि त्याचा तक्ता बनवला.

या सगळ्या उदाहरणांना पैसा लागतो, असे मला सांगितले जाते. खरे आहे. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याकडे वळतो.

एमआयटीत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये जवळपास काहीही कसे बनवावे या अर्थाच्या नावाचा एक वर्ग सुरू केला. दहा जणांसाठी योजलेल्या त्या वर्गाला शंभराच्या आसपास विद्यार्थी आले, त्यांत आर्किटेक्टही होते. पुढे या कल्पनेतून फॅब लॅब निघाल्या, छोट्या यंत्रांच्या सार्वजनिक कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या पहिल्यावहिल्या फॅब लॅबमध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचे नाव येते, वर्ष २००२. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरमधले संशोधन सोडून १९८३ मध्ये या दुष्काळी भागात आश्रम सुरू केला होता. शाळेत न टिकलेली मुले हाताने काम करत शिकतात, आणि जे शिकतात त्यातून गावाला काहीतरी सेवा मिळते, हे त्यांचे सूत्र. वेल्डिंग, वीजजोडणी, पाण्याचा शोध, शेती असे सगळे त्यात होते. लोखंडी अँगलचा सांगाडा जोडून त्यावर जाळी आणि सिमेंट चढवून केलेले जिओडेसिक घुमट पाबळमध्ये आहेत. असा घुमट म्हणजे अचूकतेची शाळाच आहे. ठरावीक मापांचे अँगल शेकड्याने कापायचे, टोकांना भोके पाडायची; प्रत्येकात मिलिमीटरभर चूक राहिली तर ती वर चढत जाते आणि शेवटचे बोल्ट बसत नाहीत. संगणक येण्याआधीच तिथली मुले हा धडा शिकत होती. म्हणून यंत्रे आली तेव्हा ती कशासाठी वापरायची हा प्रश्न त्यांना पडला नाही.

आर्किटेक्चर कॉलेजांत हा प्रश्न पडतो. लेझर कटर घेतलेला असतो, उद्घाटन झालेले असते, खोलीला कुलूप असते आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे असते. मुले मग फाइल घेऊन गावातल्या कटिंगच्या दुकानात जातात. मी म्हणतो, तिथेच जावे, पण फाइल ईमेल करून दुसऱ्या दिवशी पाकीट उचलायला जाऊ नये. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी देव्हाऱ्याच्या जाळ्या, दुकानांच्या पाट्या, मॉड्युलर किचनची दारे कापणारी यंत्रे आहेत. ती चालवणारे तरुण दिवसभरात जितके शीट कापतात तितके आमची प्रयोगशाळा सत्रात कापत नाही. शीटवर तुकडे कसे बसवले की कमी वाया जाते, कोणत्या कंपनीचे प्लाय आतून पोकळ निघते, बिट बोथट झाले की आवाज कसा बदलतो, हे त्यांना ठाऊक असते. अशा ऑपरेटरला मानधन देऊन वर्गात बोलवावे, आणि निवड समितीला त्याची पदवी विचारू देऊ नये.

जर्मनीत वायमार इथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउसने हे ओळखले होते. तिथल्या कार्यशाळांत दोन गुरू असत, एक आकाराचा आणि एक कारागिरीचा. योसेफ आल्बर्स नव्या विद्यार्थ्यांना कागदाचा ताव देत आणि त्याच्यातून काहीही वाया न घालवता काय करता येते ते शोधायला लावत. ८ बाय ४ फुटांच्या शीटवर तुकडे मांडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यापुढे तोच स्वाध्याय आहे.

आपल्याकडे दोन गुरूंची ही कल्पना रुजायला एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. सुतार, लोहार, पाथरवट, गवंडी, बुरूड हे व्यवसाय आपल्याकडे जातींना बांधलेले होते. हाताने करणाऱ्याचे ज्ञान वहीत आले नाही, कारण वही दुसऱ्यांच्या हातात होती. आर्किटेक्चरच्या वर्गात आज सुताराच्या घरातली मुलगी बसते, तिला लहानपणापासून लाकडाचा रेषा-आडरेषा कळतो, आणि त्या कळण्याला आमच्या गुणपत्रिकेत एकही गुण नसतो. ती ते लपवते, हे मी पाहिले आहे. डिजिटल फॅब्रिकेशन हा विषय या बाबतीत एक दार उघडतो, कारण इथे लाकूड कळल्याशिवाय फाइल चालत नाही. ते दार उघडे ठेवायचे की नाही, हे मूल्यमापन कसे होते त्यावर ठरते.

म्हणून मूल्यमापनावर दोन प्रकरणे आहेत. माझा आग्रह असा, की शेवटच्या वस्तूला निम्म्याहून कमी गुण असावेत. बाकीचे गुण चाचणीच्या तुकड्यांना, मापांच्या नोंदींना, दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले आणि का बदलले याला. ज्यूरीसमोर मोडलेला सांधा ठेवून तो का मोडला हे नीट सांगणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळाले पाहिजेत. सुबक वस्तू दाखवून ती कोणी कापली हे सांगता न येणाऱ्याला ते मिळू नयेत. वार्षिक महोत्सवासाठी एक मंडप, त्याचे डिझाइन एका प्राध्यापकाचे आणि साठ विद्यार्थी नटबोल्ट आवळायला, ही पद्धत मला शिक्षणाचा अपमान वाटते. त्याऐवजी सहा जणांच्या गटाने बसस्टॉपवरचा एक बाक करावा, तो तिथे ठेवावा आणि वर्षभर उन्हापावसात त्याचे काय होते ते पाहावे.

थ्रीडी प्रिंटरवर मी तुलनेने कमी पाने दिली आहेत. हे यंत्र स्वस्त झाले आहे, ०.२ मिलिमीटरच्या थरांनी काहीही छापून देते आणि म्हणूनच पहिल्या वर्षी ते विद्यार्थ्याला फार थोडा विरोध करते. जिथे सांध्याचा एक गुंतागुंतीचा तुकडा हवा आणि बाकी रचना बांबूची किंवा पाइपची, तिथे ते अमूल्य आहे. संपूर्ण इमारतीचे मॉडेल रात्रभर छापून सकाळी टेबलावर ठेवण्यात शिकण्यासारखे थोडे आहे. काँक्रीट छापण्याचे तंत्र, ज्यातून बंगळुरूत २०२३ मध्ये टपाल कार्यालयाची इमारत झाली, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

सॉफ्टवेअरच्या मेनूंची चित्रे या पुस्तकात नाहीत, ती दरवर्षी बदलतात. प्रत्येक स्वाध्यायासोबत मात्र तीन गोष्टी आहेत : कोणते माप आधी घ्यायचे, कोणता आकडा बदलता ठेवायचा आणि चुकले तर कुठे पाहायचे. पहिल्या भागातले स्वाध्याय पुठ्ठा, कटर, फ्रेट सॉ आणि व्हर्नियर एवढ्यावर होतात, ज्या कॉलेजात एकही यंत्र नाही तिथेही. दुसऱ्या भागासाठी लेझर लागतो, तो नसेल तर जवळचे कटिंगचे दुकान पुरते. राउटर आणि रोबॉटचा भाग शेवटी आहे. शिक्षकांनी सत्र सुरू होण्यापूर्वी पहिल्या भागातले सर्व सांधे स्वतःच्या हाताने, आपल्या गावात मिळणाऱ्या प्लायवूडमध्ये करून पाहावेत आणि पुस्तकातल्या तक्त्यांतले माझे आकडे खोडून तिथे आपले आकडे लिहावेत. त्यासाठी प्रत्येक तक्त्याशेजारी रिकामा रकाना ठेवला आहे.